कडक भाकरीचा आवाज

बाळांनो, वादळाच्या दिवसांसाठी तुम्ही कपाटात आठवड्याचे खाणे भरून ठेवता, असे तुमच्या आईने कळवले. म्हणून हे लिहिते.

अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात कमलनगरच्या बाजूच्या गावांत हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. आमच्याकडे आल्या, तर सासूबाई, मी आणि तीन वर्षांची तुमची आई अशा तिघींनी गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत लपायचे ठरले. चार दिवसांचे खाणे बांधून ठेवायचे काम माझ्याकडे आले. मी हैदराबादेत इंग्रजी शाळेत आरोग्यशास्त्र शिकलेली. कागदावर तांदूळ, डाळ, तूप लिहिले आणि सासूबाईंना वाचून दाखवले.

"डाळ काय कच्ची चारायलीस लेकराला? का कडब्यात चूल पेटवणार हायस?"

मी खोडले. मग शिजवावे लागणार नाही, ओल धरणार नाही आणि अंगाला लागेल, असे आम्ही शोधू लागलो. सासूबाईंनी महिनाभर टिकतील अशा ज्वारीच्या कडक भाकरी केल्या. मी शेंगदाण्याची चटणी कुटली, फुटाणे घेतले. मुंग्या लागतील म्हणून गूळ मीच वगळला. यादी तीनदा तपासली.

टोळी भर दुपारी आली. आम्ही आत शिरलो. थोड्या वेळाने कडब्याच्या पलीकडेच त्यांच्यातले दोघे जण बोलत बसले. तुमची आई भुकेने कुरकुरू लागली, म्हणून मी भाकरी मोडली; ती कडकन वाजली.

पलीकडचे बोलणे थांबले. सासूबाईंनी माझे मनगट घट्ट धरले. फुटाण्यांचेही तेच झाले असते आणि चटणीने पोरीला ठसका लागला असता. एवढ्या विचाराने बांधलेल्या गाठोड्यात गुपचूप खाता येईल असे काही नव्हते.

बोलणे पुन्हा सुरू झाले. मी तुकडा पाण्याच्या तांब्यात सोडला आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला. भाकरी भिजेपर्यंत ती माझा तळवा चावत राहिली. मी हात काढला नाही. मग मऊ झालेले कण एकेक करून भरवले.

दिवस कलायच्या सुमारास ते गेले. सासूबाई बाहेर येऊन अंगणात बसल्या आणि त्यांनी एक अख्खी भाकरी कडाकडा चावून खाल्ली. मग म्हणाल्या, "गूळ घाल गाठोड्यात. मुंग्या लागल्या तर लागू दे, त्या काय बोंबलत न्हाईत."

टोळी पुन्हा येणार नाही, असे कुणीच म्हणत नव्हते. दुखऱ्या हाताने मी यादीत गूळ लिहिला.