महानंदा मावशी समुद्राला गेली

लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी दारात आलं, की महानंदा मावशी कपाळ पुढे करून कुंकू लावून घ्यायची आणि मुहूर्त विचारण्याआधी विचारायची, "कार्यालयाचा उंबरा किती बोटं हाय?" आमंत्रण देणारी बाई गोंधळायची. मग मावशी दोन बोटं आडवी धरून दाखवायची. "एवढा असंल तर येते. चार बोटं असंल तर आहेर पाठवून देते. राग धरू नका."

लातूरला मावशीचं घर आमच्या घराला लागून होतं. पुढच्या खोलीत तिचं फॉल-पिकोचं दुकान. पोलिओनं तिचे पाय लहानपणीच गेले होते. चाकांच्या खुर्चीवरून ती खोलीभर फिरायची. मशीनचं पायानं दाबायचं बटण तिनं टेबलावर बसवून घेतलं होतं आणि ते ती डाव्या कोपरानं दाबायची. त्या कोपराला कायमचा घट्टा पडला होता.

उचललेलं तिला खपत नसे. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांपाशी कार्यकर्ते धावत यायचे. "मावशी, उचलतो की, दोन मिनिटांचं काम." मावशी म्हणायची, "पोतं हाय का मी? फळी आणा." फळी येईपर्यंत ती उन्हात बसून राहायची. एकदा दीड तास बसली. माझं ते पहिलंच मतदान होतं. तिच्याजवळ उभं राहायची मला लाज वाटली आणि मी रांगेत मागे सरकले, हेही इथे लिहून ठेवते.

मी तशी कुणाशी फारशी बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे गल्लीतल्या बायकांमध्ये माझं तोंड उघडायचं नाही. मावशी म्हणायची, "तुझं मराठी इस्त्री केल्यावानी हाय माय. जरा चुरगाळ की." तरी दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसायचे. तिथे गप्प बसलेलं चालायचं.

तिला समुद्र बघायचा होता. "आपल्याकडं दहा दिवसाला नळ येतो. तिकडं एवढं पाणी एका जागी बसून काय करून राहिलं, ते बघायचंय मला." पण वाळूत खुर्ची रुतते. मग मला मोबाईलवर कोकणातलं एक वनउद्यान सापडलं. खाडीकाठच्या जंगलातून लाकडी वाट थेट समुद्रापर्यंत जाते आणि माहितीत चाकांच्या खुर्चीचं चिन्हही होतं. मावशीनं फर्मावलं, "फोन लाव. पायऱ्या किती, उंबरे किती, समदं इचार."

अनोळखी माणसाला फोन लावला, तर पहिली रिंग वाजताच मी तो कापते. मी इंग्रजीत ईमेल पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं: उद्यान खुर्चीसाठी पूर्णपणे सोयीचं आहे. मी मावशीला सांगितलं, "एकही पायरी नाही."

"फोनवर इचारलं ना?"

"हो," मी म्हणाले.

तिच्या धाकट्या भावानं, आप्पानं, जीप काढली. वाटेत एक मुक्काम करून आम्ही पोचलो. दाराशी चांगला रुंद उतार होता, दोन्ही बाजूंना कठडे. मावशी स्वतः चाकं फिरवत वर गेली. "शाबास! ज्यानं केलं त्याला अक्कल हाय." वाटेच्या दोन्ही बाजूंना चिखल आणि चिखलातून वर आलेली झाडांची मुळं. "ही मुळं वर कामून आलीत?" तिनं रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "श्वास घ्यायला, ताई. खाली दम कोंडतो त्यांचा." मावशीनं मान हलवली, जणू ओळखीच्या माणसाची तक्रार ऐकली.

पुढे वळणावर तीन पायऱ्या खाली उतरत होत्या. पलीकडून लाटांचा आवाज येत होता.

"खुर्चीचं इथपर्यंतच," रखवालदार ओशाळून म्हणाला. "पुढचं नंतर बांधलं, त्याला पायऱ्याच आल्या."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "फोनवर सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

"मी फोन केलाच नव्हता."

आप्पा फळी शोधायला निघाला, पण पायऱ्या फारच उभ्या होत्या. फळी टिकली नसती. मावशी बराच वेळ त्या पायऱ्या बघत बसली. मग डोळे मिटून म्हणाली, "उचला."

"अक्का?" आप्पाला खरं वाटेना.

"उचल म्हणते ना. लई बेजार झाले मी."

आप्पा, रखवालदार आणि फिरायला आलेल्या दोघांनी खुर्ची उचलली. मावशीनं गुडघ्यांवरचं लुगडं दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. वाटेच्या टोकाच्या लाकडी चौथऱ्यावर खुर्ची टेकवेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

"दिसला का गं?" आप्पानं विचारलं.

"पाईप दिसला."

कठड्याला आडवे लोखंडी पाईप होते आणि वरचा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. तिनं मान उंचावली, मग खाली घातली. "वर आभाळ हाय, खाली चिखल हाय. मधी समुद्र असंल."

मी तिच्या शेजारी फळ्यांवर उकिडवी बसले. खरंच तसं होतं. पाणी जिथे असायला हवं, नेमका तिथून तो राखाडी पाईप गेला होता. मी उठून उभी राहिले तर सगळा समुद्र दिसला असता. मी उठले नाही. उद्यान बंद व्हायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो, मग तिला परत उचललं.

परतताना ती मला रागावेल म्हणून मी वाट पाहत होते. रागावली असती तर बरं झालं असतं. सोलापूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फोनचं भ्या वाटतं व्हय तुला?"

"हो."

"मला उचलून घ्यायचं वाटतं."

मावशीला जाऊन आता वर्ष होत आलं. त्या प्रवासाचा विषय तिनं पुन्हा स्वतःहून काढला नाही. पण आम्ही आलो त्या दुपारी गल्लीतल्या बायका दुकानात जमल्या होत्या. "मग, बघितला का समुद्र?"

मावशीनं साडीचा पदर मशीनखाली सरकवला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिला इचारा. ही बी माझ्यासंगट खालीच बसल्ती."