आढ्यावर बसलेली मुलगी

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ही गोष्ट, मी आठ वर्षांची. वडील मुंबईला गिरणीत, त्यामुळे पालीजवळच्या आमच्या घरात थोरल्या काकांचा शब्द चाले. आई त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. गुरं उशिरा आली, भात सांडलं, की काका निरगुडीची शिमटी काढत. पहिले दोन-चार फटके मी रडायची. मग दुखणं एकदम थांबायचं आणि मी वर आढ्यावर जाऊन बसायची. तिथून खाली माझ्याच परकरातली एक मुलगी मार खाताना दिसायची. मला तिची कीवही येत नसे.

पुढे मार नसतानाही मी अशी निघून जाऊ लागले. हाका ऐकू येईनात. पोरीला बाधा झाली, असं घरात ठरलं. मला एका शब्दाने कुणी विचारलं नाही, अजून डोकं फिरतं माझं! ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. तो मान रिवाजाप्रमाणे काकांचाच.

देवळात काका हात जोडून खड्या आवाजात म्हणाले, "ह्या लेकराला जो कोण छळत असेल, त्याला पायाखाली घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले.

मी हादरले. आता हा माणूस इथेच कोसळणार, म्हणून बघत राहिले. काकांनी शांतपणे नारळ फोडला आणि शिमटीच्याच हाताने माझ्या कपाळाला अंगारा लावला.

त्या क्षणी मी वर गेले. देवळाच्या आढ्यावरून मला ती मुलगी दिसली. ती वाकून काकांच्या पाया पडत होती.