शुक्रवारची सवाष्ण

त्या सकाळी डबीतलं कुंकू संपलं. तळाशी चिमूटभर उरलं होतं. तुळजापूरहून आणलेलं ते कुंकू मी परदेशात पुरवून पुरवून वापरलं होतं, आणि आता लावू की नको, असा विचार मनात आला. कुणासाठी लावायचं? दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब आणि मॅडम मला घेऊन परत विमानात बसणार होते. एकदा गेले की पुन्हा कधी दिसणार आपली माणसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आई भवानीला मी रोज हाक मारत होते, पण ती एवढ्या लांब कशाला येईल, असं मला वाटू लागलं होतं. तरी सवयीनं बोट फिरलं आणि शेवटची चिमूट कपाळी लागली.

साहेब वकिलातीत मोठे अधिकारी. त्यांच्या पुण्यातल्या, कल्याणीनगरच्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाला होते. बदली झाली तेव्हा ते मला बरोबर घेऊन गेले. तिकडे गेल्यावर पासपोर्ट मॅडमच्या कपाटात गेला, पाठोपाठ मंगळसूत्रही. हरवशील म्हणाल्या. बांगड्या वाजतात म्हणून त्या उतरवायला लावल्या. निजायला धुण्याच्या यंत्राशेजारची जागा होती. बाहेर जाताना त्या दाराला कुलूप लावून जात. एकदा रेशमी साडीला डाग पडला म्हणून मॅडमनी तापलेली इस्त्री माझ्या मनगटाला टेकवली. शेजारच्यांना सांगीन म्हटलं, तर साहेब हसले. म्हणाले, "सांग की. इथले पोलीस आम्हाला हात लावू शकत नाहीत. तूच चोरीच्या आरोपात आत जाशील." ते खरंच असावं असं मला वाटे. चौथी शिकलेली बाई मी, मला कायदा काय कळणार.

घरच्या साखरपुड्यासाठी ते पुण्यात आले तेव्हा कामाला म्हणून मलाही आणलं, पण घराबाहेर सोडलं नाही. पासपोर्ट आणि मंगळसूत्र इथंही मॅडमच्याच कपाटात होतं. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, मार्केट यार्डात हमाली करतात. मांजरीच्या आमच्या घरून ते चौकशीला आले होते. मी आतल्या मोरीत भांडी घासत होते आणि मॅडम दारातच त्यांना सांगत होत्या, "ती तिकडेच राहिली आहे, पुढच्या वेळी येईल." मालकांचा आवाज मी ओळखला. ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून काही निघालंच नाही. लहानपणापासून मी तशीच. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. दार लागलं आणि मी घासणी हातात धरून तशीच उभी राहिले.

त्यानंतरचा तो श्रावणी शुक्रवार, कुंकू संपलं तोच दिवस. दुपार व्हायच्या आत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. मुलगा कॉम्प्युटर कंपनीत, घरात त्या एकट्याच. मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना त्या खालून बघत, आणि मी पटकन आत सरके. एवढीच आमची ओळख.

"जिवतीला सवाष्ण सांगितली होती, तिचा पत्ता नाही. पुरण निवत चाललंय. तुमच्या बाईंना पाठवा," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, ती कामवाली आहे. तुमच्यातली नाही."

"जिवतीला मी सवाष्ण सांगितली आहे, सोयरीक नाही जुळवायची."

तोंडावर प्रवास, आणि दारातून सवाष्ण अडवायची, हे मॅडमच्याही मनाला बरं वाटलं नसावं. मला पुढे करून "लवकर ये" एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात काकूंनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"कुंकू आहे. मंगळसूत्र कुठंय?"

"हरवेल म्हणून मी कपाटात ठेवलंय," मॅडम म्हणाल्या.

"वा! नवरा तिचा आणि मंगळसूत्र तुमच्या कपाटात! आणा. मोकळ्या गळ्यानं मी सवाष्ण बसवत नाही."

मॅडमनी ते आणून दिलं. खाली आपल्या घरी नेऊन काकूंनी ते देवीपुढे ठेवलं आणि मला घालायला दिलं, तेव्हा ते मण्यांचं ओझं गळ्यावर ओळखीचं वाटलं.

काकूंनी माझे पाय धुतले. मी पाय ओढून घेत होते, त्या सोडत नव्हत्या. पाटावर बसवून पुरणपोळीवर तूप वाढलं. इतक्या दिवसांत मला कुणी वाढलं नव्हतं, उरलेलं मी उभ्यानं खात होते. बांगड्या भरताना मनगटावरचा डाग त्यांनी पाहिला. त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

मी पदर मनगटावर ओढला.

"बोलू नकोस, बोलवत नसेल तर. नुसती मान हलव. वर परत जायचंय?"

भिंतीवर जिवतीचा कागद होता, त्यातल्या आईच्या मांडीवर लेकरं होती. मी त्या आईकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

काकूंनी फोन माझ्यापुढे ठेवला. मालक यार्डात ज्या शेठकडे हमाली करतात, त्यांच्या गाळ्याचा नंबर मला पाठ होता. तो मी दाबला, बोलल्या मात्र काकू.

तासाभरानं साहेब आणि मॅडम खाली आले. "चल, आवरायचं आहे," मॅडम म्हणाल्या. उठायला मी हात टेकला.

"बस," काकू म्हणाल्या. "ओटी भरल्याशिवाय सवाष्ण पाटावरून उठत नसते. आणि नारळ अजून यायचाय." नारळ ओट्यावरच होता. मला दिसत होता.

"काकू, तुम्ही यात पडू नका," साहेबांचा आवाज चढला. "मी कोण आहे माहीत आहे ना? तिकडे पोलिसांची हिंमत नाही माझ्या दारात यायची."

"ते तिकडे. इथं चौकी कोपऱ्यावर आहे. बसा, फुटाणे घ्या."

कुणी बसलं नाही. साहेब दारात उभे, काकू माझ्यापुढे उभ्या, आणि मी पाटावर, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. साहेब एक पाऊल आत आले. काकू हलल्या नाहीत. आई, आता तूच, एवढंच मी मनात म्हटलं. तेवढ्यात जिन्यावर धाड धाड पावलं वाजली. माझे मालक आले होते, मागे त्यांच्या टोळीतले दोघं, तिघांच्याही खांद्यावर पोत्याची धूळ. मला बघून ते दारातच थबकले.

"तू हितं हायेस व्हय? आन् ह्या बाई म्हन्त्यात, तू तिकडंच हायेस!"

मॅडमनी साहेबांची बाही ओढली. साहेब काहीतरी इंग्रजीत बोलले आणि दोघं वर गेले. मग काकूंनी ओट्यावरचा नारळ घेतला आणि माझी ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मॅडम निघून गेले. त्यांचं काही वाकडं झालं नाही. माझ्या कामाचा मोबदला आणि पासपोर्ट त्यांच्याकडेच राहिला. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. त्यांच्याकडे आता कुणी दुसरी असेल का, हाही विचार येतो, आणि तिच्यासाठी मी देवीपुढे हात जोडते.

काकूंची ठरलेली सवाष्ण त्यांची भाची होती. वाटेत रिक्षा बंद पडली म्हणून ती उशिरा पोहोचली आणि काकूंनी तिलाही जेवू घातलं. यात देवीचं काय, असं कुणी म्हणेल. मी वाद घालत नाही. मी इतके दिवस आईला दार उघड म्हणत होते. तिनं दार उघडलं नाही, ती दारात जेवायला बोलवायला आली. आवाज माझ्याजवळ नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं माझ्याकडून मान हलवण्यापलीकडे काही मागितलं नाही.

आता दर श्रावणी शुक्रवारी मीही सवाष्ण जेवू घालते. जिला कुणी पाटावर बसवत नाही, अशीच शोधते. बांगड्या भरताना तिची दोन्ही मनगटं नीट बघते. आणि ती जेवून उठेपर्यंत आमचं दार उघडं असतं.