उलट एक, सुलट दोन

सुधा गेली तेव्हा तिच्या सुयांवर माझा स्वेटर अर्धाच झाला होता. परवा तिची धाकटी बहीण मंदा तो पुरा करायला बसली. "उलट एक, सुलट दोन," ती पुटपुटत होती. मी वर्गात वर्षानुवर्षं वृत्तं शिकवली. सहज म्हणालो, "एक लघु, दोन गुरू. हे तर भुजंगप्रयात."

"भाऊजी, निदान स्वेटरला तरी सोडा!"

मी हसलो. पण श्लोक असो, तबल्याचा ठेका असो की फरशीची नक्षी, थोडं पुन्हा पुन्हा आलं की पुढचं मनाला आधीच कळतं. त्या भरवशावरच माणूस पाठ करतो, वाजवतो, विणतो.

मंदाचे हात थांबले. सुधाची शेवटची ओळ चुकली होती. आजारपणात लक्ष सुटलं असावं.

"उसवल्याशिवाय पुढचं जुळणार नाही," मंदा म्हणाली. "की राहू दे, ताईच्या हातची म्हणून?"

एका टाक्यासाठी सुधानं अख्खी बाही उसवलेली मी पाहिली होती.

"उसव," मी म्हणालो. "तिनंही उसवलीच असती."

सुटलेली लोकर सरळ झाली नाही. टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहिली होती. मंदानं त्याच लोकरीनं ती ओळ पुन्हा विणली.