पुस्तकातले सर

माझं गणित बरं आहे, पण माझा आवाज त्याहून बरा आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. अंबरनाथच्या कॉलेजात फळ्यापुढे उभा राहिलो की तो माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. बदलापूरच्या घरी तो हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नाही, हा भाग निराळा. रिटायर व्हायला थोडाच काळ उरला होता. तोवर रोजचा एक तास, हातात खडू आणि समोर पोरं, एवढंच मला हवं होतं. तो तास माझ्याच पुस्तकाने गिळला, त्याची ही हकीकत.

पुस्तकाची कल्पना आमच्या प्राचार्यांची. कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि समितीला प्राध्यापकांची पुस्तकं बघायची असतात. वाचायची नसतात, बघायची असतात. प्राचार्य मला म्हणाले, "सर, तुमची लेक्चर्सच छापून टाका ना. नवीन काही लिहायची गरजच नाही." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं असं मी धरून चाललो आणि अंगावर मूठभर मांस चढवून घरी आलो.

प्रकाशक मिळाला उल्हासनगरला. जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्याचं ऑफिस. खाली शिलाई मशिनं धडधडायची आणि वर गणित, अकाउंट्स, इंजिनिअरिंग ड्रॉइंग असा सगळा माल तयार व्हायचा. सिंधी गृहस्थ, बोलायला गोड. मी हस्तलिखित कधी देऊ विचारलं तर त्याने हात जोडले. "साईं, लिखने का नाम मत लो. सब सर लोग लिखते हैं, फिर बच्चा पढ़ता नहीं. आप सिर्फ पढ़ाओ. मोबाइल टेबल पे रख दो, बाकी हम देख लेगा."

मी मोबाइल टेबलावर ठेवून पूर्ण टर्म शिकवलं. त्याच्या टायपिस्टला गणिताशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे त्याने कानावर पडलं ते सगळं इमानदारीने टाइप केलं. इंग्रजीतलं गणित, मराठीतली दटावणी, हिंदीतली विनवणी, सगळं एकाच इंग्रजी लिपीत. प्रुफं हातात आली तेव्हा मला घाम फुटला. मीन व्हॅल्यू थिअरमच्या ऐन मध्यात छापलं होतं, "मागचा बाक, मोबाइल आत ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेर जा." आणि त्याच सिद्धतेत दोन पायऱ्यांच्या मधोमध, "थांबा, भोंगा होऊ द्या."

भोंग्याचं असं, की आमचं कॉलेज आनंदनगर एमआयडीसीला लागून आहे आणि तिथल्या एका कारखान्याचा पाळी बदलण्याचा भोंगा नेमका माझ्या तासाच्या मध्यावर व्हायचा. तो चालू असताना माझाही आवाज चालायचा नाही. म्हणून मी थांबायचो, पोरांना थांबवायचो आणि भोंगा संपला की पुढची पायरी लिहायचो. आता ही काय छापायची गोष्ट झाली? मी लाल पेनाने सगळी दटावणी, सगळे भोंगे आणि "फळा पुसतो हं" काढून टाकले. पुस्तक छापून आलं तर एकूण एक परत जागेवर!

मी तणतणत उल्हासनगर गाठलं. प्रकाशकाने आधी मागवलेला चहा पुढे केला. "साईं, गणित तो सबकी किताब में सेम टू सेम है. आपका माल तो येही है ना. बच्चे को लगना चाहिए, सर सामने खड़ा है." खरं सांगायचं तर, माझा माल निराळा आहे हे ऐकून मला बरंच वाटलं. मी चहा प्यायलो आणि माझ्या प्रती काखेत मारून घरी आलो.

घरी बायकोने पुस्तक चाळलं. तिचा गणिताशी संबंध भाजीवाल्यापुरता. ती म्हणाली, "अहो, यात पानापानावर 'लक्ष द्या' आहे. इथे ओरडता तेव्हा कुणी देत नाही, आता लोक विकत घेऊन देणार!" आणि घेतलंही लोकांनी. कर्जतपासून उल्हासनगरपर्यंतच्या कॉलेजांतली पोरं ते वापरायला लागली. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ चहा पिताना दोन अनोळखी मुलांनी मला हटकलं, "तुम्ही पुस्तकातले सर ना?" मी लाजत हो म्हणालो. तेव्हा त्या शब्दांत काय भरलंय ते मला कळलं नव्हतं.

कळलं ते पेपर तपासताना. तपासणी केंद्रावर एका उत्तरपत्रिकेत मीन व्हॅल्यू थिअरमची सिद्धता अक्षर न् अक्षर माझी होती. तिसऱ्या पायरीनंतर पोराने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "थांबा, भोंगा होऊ द्या," आणि मग चौथी पायरी. मी हसत हसत शेजारच्या बाईंना दाखवलं. त्या दुसऱ्या कॉलेजच्या, कामाला वाघ. त्यांनी गठ्ठ्यातून मान वर न काढता सांगितलं, "आमच्याकडे बऱ्याच पेपरांत आहे. ज्यांनी नाही लिहिलं त्यांचा अर्धा मार्क कापतेय मी."

"अहो बाई, भोंगा ही पायरी नाही!"

"मॉडेल आन्सरमध्ये आहे, सर." त्यांनी आदर्श उत्तराचा कागद माझ्यापुढे सरकवला. पेपर काढणाऱ्याने तो माझ्या पुस्तकावरून उतरवला होता. भोंग्यासकट. मी म्हणालो, पुस्तक माझंच आहे, मीच सांगतोय. बाई पुढचा पेपर उघडत म्हणाल्या, "पण सर, छापलंय ना तुम्ही."

इथपर्यंत मी हसण्यावारी नेत होतो. पण पुढच्या वर्षी वर्ग रिकामा व्हायला लागला. जिन्यात पोरं भेटायची, नमस्कार करायची. तासाला का येत नाही विचारलं तर अभिमानाने सांगायची, "सर, पुस्तक घेतलंय ना तुमचं!" जी थोडी यायची, ती पुस्तक उघडून बसायची आणि माझ्या वाक्यावर बोट ठेवून सरकत जायची. माझा एक ठेवणीतला विनोद होता. बदलापूरहून अंबरनाथला रिक्षाने जाताना सरासरी वेग वीस असेल, तर वाटेत एका क्षणी काटा बरोबर विसावर असलाच पाहिजे, हा मीन व्हॅल्यू थिअरम. रिक्षाचा काटा चालू असतो का, हा निराळा थिअरम, त्याची सिद्धता अजून कुणाला सापडलेली नाही. यावर वर्ग खिदळायचा. आता मी "रिक्षा" म्हणालो की ती पान उलटायची.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर माझंच पुस्तक. "सर, दिवाळीपर्यंत वर्ग भरला तर ठीक. नाहीतर त्या तासाला सेल्फ स्टडी लावू. पुस्तक आहेच, त्यात सगळं तुम्हीच बोलताय. तुम्ही आपले परीक्षा विभागात निवांत बसा." निवांत म्हणजे पुरवण्यांना दोरे बांधत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण केबिनबाहेर येईपर्यंत तिची भीती झाली होती. फळा सोडून मला दुसरं काहीच येत नाही.

मग मी ठरवलं, पुस्तकाला हरवायचं. रात्र न् दिवस खपून त्याच थिअरमची नवी सिद्धता बसवली, जुनीपेक्षा छोटी आणि देखणी. उदाहरणंही नवी काढली. पहिल्या बाकावर एक मुलगी असायची, बदलापूरजवळच्या गावातली. वडिलांची थोडी शेती होती आणि ते एमआयडीसीतही कामाला जायचे. ती एकही तास चुकवत नसे. माझी सगळी भिस्त तिच्यावर. अर्धी सिद्धता झाली आणि तिने हात वर केला.

"सर, पुस्तकात असं नाहीये."

"पुस्तक माझंच आहे."

"हो सर. म्हणूनच विचारतेय."

मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत, ही जास्त चांगली आहे. "परीक्षेत कुठली लिहू, सर?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, पुस्तकातली. तिने पेनाला टोपण लावलं. तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि अगदी काळजीने म्हणाली, "सर, राग नका मानू, पण पुस्तकातले सर शांतपणे सांगतात. परत परत विचारलं तरी चिडत नाहीत. तुम्ही आजकाल खूप घाई करता." तोंडात मारल्यासारखं झालं. मला तिचा राग आला नाही, त्या पुस्तकातल्या माणसाचा आला.

दिवाळी झाली, वर्ग भरला नव्हता, तास गेला. सेल्फ स्टडीला हजेरी सक्तीची केली, त्यामुळे वर्ग मात्र भरला! परीक्षा विभाग समोरच होता. पुरवण्या ओवता ओवता एक दिवस मला माझीच वाक्यं ऐकू आली. दोरा तसाच टाकून मी दाराशी गेलो. पहिल्या बाकावरची ती मुलगी व्यासपीठावर उभी राहून माझं पुस्तक मोठ्याने वाचत होती. ठणठणीत आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "थांबा, भोंगा होऊ द्या," तिने वाचलं आणि ती थांबली. वर्गही थांबला. पेनं खाली ठेवून सगळे शांत बसून राहिले. भोंगा काही झाला नाही. आजूबाजूला नवे टॉवर झाले, रहिवाशांनी तक्रार केली आणि तो कधीच बंद झालाय. पण पोरं थांबली, मग ती पुढे गेली, रिक्षा आली, काटा आला आणि अख्खा वर्ग खो खो हसला. माझ्या विनोदाला! मला रडू येईलसं वाटलं आणि हसूही आलं.

न राहवून मी आत शिरलो. म्हटलं, "तो जो क्षण आहे ना, तो नीट समजला का? मी जरा फळ्यावर..."

"सर, प्लीज, लेक्चर चालू आहे," मधल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. उद्धटपणा नव्हता त्यात. मुलगी ओशाळली, म्हणाली, "सर, बसा ना मागे. थोडंच राहिलंय."

मी जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. इतक्या वर्षांत तिथून फळा कसा दिसतो ते कधी बघितलं नव्हतं. खिशात मोबाइल वाजला, बायकोने येताना कढीपत्ता आणायला सांगितलं होतं. मी तो काढून उत्तर लिहायला लागलो, तेवढ्यात समोरून खणखणीत आवाज आला. "मागचा बाक, मोबाइल आत ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेर जा."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी मुकाट्याने मोबाइल खिशात घातला, कारण ते सर फार कडक होते आणि मला वर्गाबाहेर जायचं नव्हतं.