घडी चेहऱ्यावर पडू नये

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होणार म्हणून तिथल्या एका लहान गावाने आपल्या युद्धांत मेलेल्या मुलांचे कापडी फलक मागवले, आणि ते छापायचं काम सुरतच्या बमरोली भागातल्या एका मिलला मिळालं. मिरवणुकीच्या रस्त्यावर दर खांबाला एक मुलगा. खाली नाव, जन्म-मृत्यूची सालं, कुठल्या लढाईत गेला ते. मी निवृत्त इतिहासशिक्षक. इंग्रजी स्पेलिंगं तपासायला मला बसवलं. गावाची एक अट होती: रंग पावसात उतरता कामा नये. देशाभिमान पॉलिएस्टरवर छापला की त्याची हमी देता येते, हे इतकी वर्षं इतिहास शिकवूनही मला ठाऊक नव्हतं.

छापलेले फलक दोऱ्यांवर टांगत. एक्झॉस्ट पंखा लागला की सगळे एकदम छाती भरून घेत आणि सोडत. जवळून गेलं की कापड बाहीला येऊन चिकटायचं. पॉलिएस्टरमध्ये वीज साठते, हे मला ठाऊक होतं. सुरतच्या दमट हवेत ती इतकी साठू नये, हेही ठाऊक होतं. मी हात अंगाशी धरून चालायचो.

घड्या घालायला धुळ्याकडची एक बाई होती, पन्नाशीची. ती फलक जमिनीवर ठेवू द्यायची नाही आणि घडी चेहऱ्यावरून जाऊ द्यायची नाही. त्यामुळे घड्या जाड व्हायच्या, खोकी बंद होत नसत.

"मावशी, ए लोकोने शुं खबर पडवानी?" सुपरवायझर ओरडायचा; तिकडच्यांना कुठे कळणार, हा त्याचा हिशेब.

"तुन्हा बापना फोटोवर घडी घालशी का?" ती विचारायची. तो निघून जायचा.

एक मुलगा मात्र नीट छापला जाईना. मूळ फोटोत गोरा, पिंगट केसांचा. कापडावर सावळा, केस काळे, ओठांवर मिसरूड फुटल्यासारखी सावली.

"काका, आ तो आपणो थई गयो," ऑपरेटर हसला. "हवे एने व्हिसा कोण आपशे?"

त्याने मशीन साफ केलं. मागचे-पुढचे सगळे गोरे आले, हा दुसऱ्यांदाही सावळाच. तिसऱ्यांदाही.

तिसरा दोरीवरून काढताना बाई थबकली. कापड तिच्या पदराला चिकटलं होतं आणि ती ते सोडवत नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या शे."

तिचा एकुलता एक मुलगा शेजारच्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेला. फोटो होते ते, त्याच पावसाळ्यात खाडीचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा, फोनसकट गेले. परवावर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. खानदेशात त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, ताट वाढतात. मागच्या वर्षी तिने ती नुसत्या भिंतीपुढे भरली होती.

"भिंतले काय वाढू, गुरुजी? त्यानं तोंड मी इसरी ऱ्हायनू."

तिला तो फलक हवा होता. पण खराब निघालेले चेहरे माझ्यासमोर कापायचे आणि मी सही करायची, असा नियम होता. पकडलं गेलं तर तिची नोकरी जाणार होती. माझा फक्त वेळ घालवायचा उद्योग. दोन फलक मी स्वतः कापले. तिसऱ्याकडे पाठ केली आणि तिन्ही नष्ट केल्याची सही ठोकली.

आखाजीला तिने मला जेवायला बोलावलं. भरदुपार, वीज गेलेली. भिंतीवर तो, कपाळाला गंध, भोवती परक्या देशाच्या तारका. नावाची पट्टी तिने मागे दुमडून शिवून टाकली होती. पुढे नवी घागर, आणि आमरस-पुरणपोळीची ताटं दोन.

"एक मना पोऱ्याले, एक त्याले," दुमडलेल्या पट्टीकडे बोट करत ती म्हणाली. "त्यानी माय तठे घागर भरस का?"

मी म्हणालो, तिथे गावभर बँड वाजणार आहे, भाषणं होणार आहेत, आतषबाजी आहे.

"पन त्याले वाढी कोन?"

तिने माझं ताट वेगळं वाढलं. मी जेवलो. उठलो तेव्हा भिंतीवरचं कापड सरसरत पुढे आलं आणि माझ्या बाहीला चिकटलं. वारा नव्हता. पंखा बंदच होता.

"सोड रे, गुरुजीले जाऊ दे," खेळणाऱ्या पोराला सांगावं तसं ती म्हणाली.

ते सुटलं. दोघांपैकी कुणाला सांगितलं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा चौथ्यांदा छापला. गोरा, पिंगट केसांचा, अगदी मूळ फोटोसारखा.

"शुं कर्युं?" मी ऑपरेटरला विचारलं.

"कंई नहीं, काका. हाथ पण नथी लगाड्यो."

मी स्पेलिंग तपासलं, 'पास' लिहिलं. बाई अजून आली नव्हती, म्हणून घडी मीच घातली. दोनदा चुकली, दोनदा उलगडली. तिसऱ्यांदा ती चेहऱ्याच्या कडेने गेली. खोकं काही बंद झालं नाही.