पाठमोरी आई

आई गेली तेव्हा मी आयर्लंडमधल्या स्लायगोत आणि ती सांगलीत. २०२० संपता संपता. विमानं मिळेनात, नवऱ्याला हॉस्पिटलातल्या नोकरीतून सुट्टी मिळेना, सगळं मोबाइलवर बघितलं. तेराव्याला भावाने तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. आधार कार्डावर कोण माणसासारखं दिसतं? आई पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती. बाबांनी हार काढला आणि फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. मला फोनवर म्हणाले, "ही ती नव्हेच. तू चित्रकला शिकलीयस ना? मग तिला काढ."

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

रंगांचा डबा हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं त्यात, टॉवेलांमागे सापडला. पण बघून काढायला फोटो तरी कुठे होते? आई कॅमेरा दिसला की पळायची. घरच्या प्रत्येक फोटोत ती कडेला अर्धी कापलेली, वाकून कोणाला तरी वाढतेय, नाहीतर ओट्याशी पाठमोरी. आठवणीने काढायला जावं तर नाक जमलं की डोळे परके, डोळे जमले की ओठ मावशीचे. मी तशी तापटच. कागद टराटरा फाडायचे. नवरा म्हणाला, "अगं, कागदांवर कशाला राग काढतेस?" मी म्हटलं, "मग एकदा तरी कॅमेऱ्यासमोर नीट उभं राहायला काय झालं होतं तिला?" आणि रडले.

इथे कोणी गेलं की सगळी आळी घरी येऊन बसते. त्या दिवसांत कोणाच्या घरात पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बाई खिडकीत काहीबाही ठेवून जायच्या. माझी ही खटपट त्यांच्या कानावर गेली होती. एकदा त्यांनी सोडा ब्रेड ठेवला आणि त्याखाली भलं मोठं चित्रांचं पुस्तक. फाटकापाशी लांब उभ्या राहून म्हणाल्या, "यू विल बी ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, होईल सगळं ठीक. मी मनात म्हटलं, ग्रँड कसली डोंबलाची.

पुस्तक उघडलं. सुरुवातीची पानं ओळखीची होती. युरोपातल्या श्रीमंत बायका समोर तोंड करून बसवलेल्या, एका बाजूने उजेड, मागे काळोख. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलेलं. आणि एक पान उलटलं तर सगळ्या बाया उठून कामाला लागलेल्या. जपानी लाकडी ठशांची चित्रं पॅरिसच्या बाजारात आली आणि तिथल्या चित्रकारांची नजरच बदलली म्हणे. एक बाई केस विंचरतेय. एक भांड्यावर वाकून तोंड धुतेय, पाठ आपल्याकडे, आरशातही चेहरा धड दिसत नाही. सावल्या गेल्या. मानेपासून कमरेपर्यंत एकच रेघ, न थांबता आलेली. झग्यावरच्या फुलांना चेहऱ्याइतकाच मान. आणि एक बाई चक्क चौकटीने अर्धी कापलेली. चुकून नव्हे, मुद्दाम, आणि किती मायेने. समोरच्या पानावर मूळचं जपानी चित्र होतं. तीच मान, तोच अंबाडा, तशीच वाकलेली पाठ.

अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. कुठला तो जपान, तिथल्या कुणाला मानेवरून बाई काढता आली, ती बघून पॅरिसातले लोक शहाणे झाले, आणि इतक्या वर्षांनी इथे खिडकीशी, सोडा ब्रेड खाता खाता मला माझी आई दिसत होती. आमचे ते फोटो बिघडलेले नव्हतेच. आई खरी दिसायची तशीच त्यांत होती.

मग मी तिला कागदाच्या कडेला काढलं, एक खांदा चौकटीबाहेर. सुती पातळावरची बारीक बुट्टी, ओट्याची कड, अंबाडा, मान. चेहरा नाहीच. पाठीची रेघ एका दमात आली आणि मी ब्रश खाली ठेवून बघत बसले. हात माझा होता, पण रेघ मी काढल्यासारखी वाटेना.

बाबांना दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र पाचावर धारण बसली. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे चेहरा समोर, वर हार, सवाष्ण गेली असेल तर कपाळाला कुंकू. भावाने फोनवर बघितलं आणि म्हणाला, "ताई, अगं तोंड कुठाय? कुंकू कुठे लावायचं?"

बाबांनी त्याच्या हातून फोन घेतला, चष्मा काढून पार डोळ्यांपाशी नेला. मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"डाव्या कानाखाली," शेवटी बाबा म्हणाले, "मानेवर, केस सुरू होतात तिथे तीळ आहे तिच्या. तो राहिला."

मला माहीत नव्हतं. तिच्या पाठीला चिकटून झोपत मोठी झालेली मी, मला माहीत नव्हतं. आणि या माणसाने चारचौघांत तिला कधी नावाने हाकसुद्धा मारली नव्हती.

मी ब्रशच्या टोकाने ठिपका दिला. त्यांनी तो जरासा वर घ्यायला लावला. घेतला.

"हं," बाबा म्हणाले. "ही ती."